डाव्या बाजूची बाल्कनी

१४ एप्रिल, अल मजाज

बुकिंग झालं. खलास, आता माघार नाही. एका सप्लायरने जानेवारीत दिलेली ही डायरी तीन महिने डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली होती, ती आज काढली. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलंय, असो.

सत्तावीस वर्षं मी शारजात आहे. कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर. दुसऱ्यांच्या टॉवरला किती काँक्रीट आणि किती सळई लागेल ते मोजायचं. सत्तावीस वार्षिक सुट्ट्या मिळाल्या आणि सत्तावीसच्या सत्तावीस इंडियात गेल्या. सांगलीत उतरलो की लग्नं, मुंजी, बँकेतल्या सह्या, दाताचा डॉक्टर. परत येईस्तोवर माणूस सुट्टी मागण्याइतका दमतो. यंदा नाही. यंदा ऑगस्टमध्ये इटली, मोठं जहाज, आणि स्ट्रॉम्बोलीचा जिवंत ज्वालामुखी. डोंगरावरून लाव्हा समुद्राकडे उतरतो तो आपल्या बाल्कनीत बसून बघायचा.

ऑफिसातल्या कुशलने गेल्या वर्षी त्याचा व्हिडिओ दाखवला, पण खूळ त्याच्या आधीचं आहे. सातवीत भूगोलाच्या सरांनी लाल खडूने फळ्यावर लाव्हा काढला होता आणि म्हणाले होते, तुमच्यापैकी कोणी हा डोळ्यांनी बघणार नाही. वर्ग हसला होता, मी नव्हतो हसलो.

वासंतीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे या वर्षी इंडियाला नाहीच का?" लग्नाला तीस वर्षं झाली, बायको म्हणून तिने एवढं तरी खूश व्हायला हरकत नव्हती.

२ मे

केबिन पक्की केली. एजंट म्हणत होता कुठलीही घ्या सर, सगळं दिसतं. मी म्हटलं, हबीबी, मी सत्तावीस वर्षं ड्रॉइंगं वाचतोय. डायनिंग टेबलावर नकाशा पसरला, बेट म्हणून साखरेचा डबा ठेवला आणि जहाज म्हणून काड्यापेटी फिरवली. जहाज उत्तरेकडून येणार, बेटाच्या पश्चिमेने जाणार, लाव्हाचा उतार वायव्येला. म्हणजे डावी बाजू. डाव्या बाजूची बाल्कनी, आठवा मजला. दिया जेवायला आली होती (लेक आमची, दुबईत नोकरी, अल बर्शाला मैत्रिणींबरोबर राहते). ती हसून म्हणाली, "बाबा, यू आर टू मच."

तेवढ्यात वासंतीच्या हातून कप निसटला आणि चहा थेट भूमध्य समुद्रात. लक्ष कुठे असतं तुझं, म्हणून मी बोललो. ती उजवा हात चोळत म्हणाली, मुंग्या येतात हो हल्ली. पोळ्या लाटून लाटून येणारच. नकाशा हेअर ड्रायरने वाळवला.

२१ मे

आमच्या फ्रिजवर एक कागद असतो, इंडियाची यादी. इथल्या प्रत्येक मराठी घरात असतो, कुणाच्या फ्रिजवर तर कुणाच्या डोक्यात. दाढ दुखली, लवंग धरा, इंडियात गेल्यावर दाखवू. चष्म्याचा नंबर वाढला, डोळे बारीक करा, इंडियात गेल्यावर बघू. इथले डॉक्टर दहा टेस्ट लावतात, इन्शुरन्सवाला त्यातल्या आठ नाकारतो, आणि आपला डॉक्टर कसा, नाडी धरून सांगतो. अकरा महिन्यांची दुखणी बाराव्या महिन्यावर ढकलायची, असा आमचा सगळ्यांचाच संसार चाललेला असतो.

आज वासंती त्या कागदावर काहीतरी लिहीत होती. मी म्हटलं, काढून टाक की, यंदा कुठे जायचंय. "असू दे," म्हणाली, "पुढच्या वर्षी लागेल." वरच्या दोन-तीन ओळी नजरेखालून गेल्या. दाढ, चष्मा, ब्लाउज. खाली आणखी काहीबाही होतं. बायकांच्या याद्या कोण शेवटपर्यंत वाचतो?

अक्षर मात्र हिचं फार बिघडलंय. पूर्वी मंडळाच्या गणपतीत फलक हीच लिहायची.

९ जून

व्हिसा सेंटरला फजिती. वासंतीची सही पासपोर्टशी जुळेना. काउंटरवरच्या मुलीने दोनदा करायला लावली, मग तिसऱ्यांदा. तिसरी तर शाळेतल्या पोरासारखी. मागे रांग, सगळे बघतायत, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी सुपरवायझर आला आणि तिच्याकडून अर्जावर काहीतरी लिहून घेऊन सोडलं.

घरी आल्यावर तिला वही दिली आणि पानभर सह्या करून काढ म्हटलं, जहाजावर पण लागतील. मुकाट्याने करत बसली. तीस-चाळीस केल्या असतील, मग वही मिटून आत गेली. मी जरा जास्तच बोललो की काय असं वाटलं. पण प्रॅक्टिसने कुणाचं वाईट होत नाही.

२७ जून

दिया आईच्या मागे लागली होती. खाली क्लिनिक आहे, हात दाखव, मम्मा, जस्ट गो. वासंतीचं एकच, आपल्या दौलत डॉक्टरांना दाखवीन. दौलत डॉक्टर म्हणजे सांगलीत विश्रामबागला. हिच्या माहेरचे, हिच्या बाळंतपणापासूनचे.

दिया गेल्यावर मला म्हणाली, "अहो, मी एकटीच आठ दिवस सांगलीला जाऊन येऊ का?"

मी म्हटलं पासपोर्ट कुठे आहे आपला? व्हिसाला दिलाय ना, तीन आठवडे हलणार नाही. आणि मागे घेतला तर क्रूझचं काय? ती म्हणाली, तेही खरंच. विषय तिथेच संपला.

ही डायरी दुसरं कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. ती खालच्या क्लिनिकला गेली नाही याचं मला बरंच वाटलं. एकदा का त्यांनी टेस्ट लावल्या की एकातून दुसरी निघते, आणि कुठलातरी डॉक्टर म्हणेल प्रवास नको. कशाला नसतं झेंगट? ऑगस्ट होऊन जाऊ दे. मग हवं तर मुंबई गाठू, पुणे गाठू.

३ ऑगस्ट

व्हिसा आले. बॅगा भरल्या. वासंतीने दशम्या, मेतकूट, लसणाची चटणी, सगळं डाव्या हाताने डब्यांत भरलं. मी गमतीने म्हटलं, डावखुरी झालीस की काय या वयात. हसली. हसताना बरी दिसली. उगाच काळजी करतो आपण.

११ ऑगस्ट, जहाजावर

काय सांगावं! आमच्या टॉवरपेक्षा मोठं जहाज. बाल्कनी डावीकडेच, मी आधी होकायंत्र काढून तपासलं. वासंती खुर्चीत बसली, वाऱ्याने केस उडायला लागले. म्हणाली, बरं झालं तुम्ही हट्ट केलात. मग माझा हात धरून बसली, अर्धा तास तरी. असं आम्ही कधी बसलो होतो ते आठवेना. खालिद लगूनच्या काठावर रोज फिरायला जातो, पण तिथे मी तीन हात पुढे चालतो.

उद्या संध्याकाळी लाव्हा, इन्शाल्ला.

१२ ऑगस्ट, दुपारी साडेतीन

कॅप्टनची अनाउन्समेंट झाली. ज्वालामुखी जोरात आहे, रात्री सव्वाआठला बेटाशी पोचू आणि चाळीस मिनिटं जहाज संथ चालेल, डाव्या बाजूने बघा. डाव्या! दियाला मेसेज टाकला.

वासंती झोपली आहे. जीभ जड झाल्यासारखी वाटते म्हणे. जहाज लागलं असेल. लिंबू चाटवलं.

१५ ऑगस्ट, मेसिना

वासंती इथल्या हॉस्पिटलात आहे. मेंदूत गुठळी. दियाचा ऑफिसच्या ट्रिपचा युरोपचा व्हिसा चालू होता म्हणून ती तरी येऊ शकली. लिहवत नाही.

१९ ऑगस्ट, मेसिना

आज लिहितो. कुठेतरी खरं राहिलं पाहिजे.

पावणेआठला जेवताना तिच्या हातून चमचा पडला. वेटरने दुसरा आणला, तोही पडला. मी म्हटलं चल, वर जाऊन बसू, गर्दी होण्याआधी. चालताना ती माझ्या अंगावर रेलत होती. मला वाटलं जहाज हलतंय. पण जहाज अजिबात हलत नव्हतं, लिफ्टजवळ फुलदाणीतलं पाणी सुद्धा स्थिर होतं. हे मी तेव्हा पाहिलं होतं.

बाल्कनीत बसवलं तिला. सव्वाआठला जहाज मंदावलं. समोर काळा डोंगर, आणि माथ्यापासून निघालेली लाल रेघ. चुलीतून निखारे घरंगळतात तसे दगड त्या रेघेवरून सुटत होते, खाली पाण्यात पडून विझत होते. वरच्या डेकवर लोक टाळ्या वाजवत होते. मला रडू आलं. सातवीतला वर्ग आठवला, सर आठवले, आणि मी व्हिडिओ चालू करून म्हटलं, "वासंती, बघ, बघ."

ती काहीतरी बोलली. ते शब्द नव्हते. मी वळून बघितलं. आतल्या दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर होता आणि तोंड एका बाजूला ओघळलं होतं. मला दिसलं. मला ते नीट दिसलं.

केबिनचा फोन आत पलंगाशेजारी होता, चार पावलांवर. मला माहीत होतं फोन केला की काय होईल. माणसं येतील, स्ट्रेचर येईल, कॅप्टन कदाचित जहाज वळवून थेट बंदर गाठेल. मी मनात म्हटलं, एवढं संपू दे. आठ सत्तावीस झाले होते. मी घड्याळ बघितलं म्हणून माहीत आहे, मला सवयच आहे मोजायची.

तिची मान खाली कलली होती. मी एका हाताने मोबाइल धरला आणि दुसऱ्या हाताने तिचा चेहरा लाव्हाकडे वळवला. तिच्यासाठीच करतोय असं मला खरंच वाटत होतं. हनुवटीखाली हात धरून ठेवला होता. हाताला लाळ लागली, ती पँटला पुसली.

बेट मागे गेल्यावर फोन केला. नऊ वाजून सात मिनिटं. म्हणजे चाळीस मिनिटं.

जहाजावरची डॉक्टर आली. तरुण बाई, अलिना नाव. तिने पहिला प्रश्न विचारला, हिला शेवटचं नीट कधी पाहिलंत? दुपारची जीभ, पावणेआठचा चमचा, आठ सत्तावीसचं तोंड, सगळं माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, "आत्ता, पाच मिनिटांपूर्वीपर्यंत छान होती." तिने लिहून घेतलं.

काल इथल्या डॉक्टरांनी दियाला सांगितलं, तुझ्या वडिलांनी लगेच बोलावलं हे फार चांगलं केलं. कॉरिडॉरमध्ये दिया माझ्या गळ्यात पडून रडली. "थँक गॉड यू वेअर विथ हर, बाबा." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. माणूस इतका नीच असतो हे मला माहीत नव्हतं, निदान माझ्याबाबतीत तरी.

८ सप्टेंबर, अल मजाज

काल आलो. विमानात नर्स बरोबर होती. उजवी बाजू गेलेली आहे, हात लाकडासारखा. बोलणं गेलं, एकच शब्द उरलाय. "हो." पाणी हवंय? हो. नकोय? हो. दुखतंय? हो. डॉक्टर म्हणतात असं होतं, एखादा शब्द शिल्लक राहतो, त्याला अर्थ असेलच असं नाही.

तीस वर्षं ती मला हेच म्हणत आली होती. आता तेवढंच राहिलं.

२१ सप्टेंबर

मंडळातली माणसं भेटायला येतात. खिचडी आणतात, कढी आणतात, वासंतीच्या डोक्यावरून हात फिरवतात. मग उठता उठता कोणीतरी हळूच विचारतं, पण लाव्हा दिसला का हो? आज वासुदेवरावांनी विचारलं. व्हिडिओ असेल तर दाखवा म्हणाले, पोरांना बघायचाय.

दाखवला. आवाज बंद करून. म्हटलं वाऱ्याचा घरघराट आहे. घरघराट वाऱ्याचा नाही. अकरा मिनिटांच्या त्या व्हिडिओत ती चार वेळा मला हाक मारते. शब्द फुटत नाही पण हाकच आहे ती, तीस वर्षांनी मला एवढं कळतं. चौथ्या वेळी मी म्हणतो, "थांब गं, हलू नकोस."

पुसून टाकणार होतो. बोट त्या बटणापर्यंत जातं आणि परत येतं. तिचा आवाज आता तेवढाच आहे या घरात.

पोरं वा वा म्हणाली. वासंती व्हीलचेअरवर होती, तिने भिंतीकडे तोंड केलं. वळवायला गेलो नाही मी.

४ ऑक्टोबर

काही नाही. तिला आंघोळ घातली, भरवलं, उजव्या हाताची बोटं उघडून पुन्हा मिटवली, दोनशे वेळा. मोजली.

सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, म्हणाला फिजिओथेरपिस्ट. दोन होत आले. काहीही आलेलं नाही आणि येणार नाही, हे मला कळतंय. मीच रात्रंदिवस तिच्याजवळ असतो. लोक म्हणतात नवरा असावा तर असा. ते ऐकलं की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडतो.

दियाला सांगायचं रोज ठरवतो. दिया येते, आईच्या केसांना तेल लावते, मला म्हणते बाबा, यू स्लीप, आय विल सिट. तिच्या तोंडाकडे बघितलं की माझं तोंड मिटतं. तिच्या हिशेबी मी तो माणूस आहे ज्याने लगेच फोन केला. हा माणूस गेला तर तिला मी उरत नाही, आणि मला दुसरं कोणी नाही.

१२ ऑक्टोबर

आज दुपारचं लिहून टाकतो.

दिया पुढच्या महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाला सांगलीला जाणार आहे. पाणी घ्यायला फ्रिजकडे गेली आणि तो कागद घेऊन बाहेर आली. इंडियाची यादी. मी इतके दिवस फ्रिज उघडत होतो, त्या कागदाला हात लावला नव्हता. म्हणाली, आईची सगळी कामं मी करून येते. एकूण एक. पण तिला मराठी वाचता येत नाही, इथल्या शाळेत शिकली, कधी शिकवायचं राहूनच गेलं. तेही इंडियात गेल्यावर शिकवू म्हणत होतो.

"बाबा, रीड इट टु मी," म्हणाली. "ऑल ऑफ इट." फोन काढून टाइप करायला बसली. वासंती तिच्या शेजारी, खुर्चीत.

मी वाचायला लागलो. एक, डाव्या बाजूची दाढ. दिया म्हणाली हे आता राहू दे. दोन, चष्म्याचा नंबर. तीन, सहा ब्लाउज, जुन्या मापाचे. चार, गोडा मसाला दोन किलो. प्रत्येक ओळीला अक्षर थोडं आणखी घसरत गेलेलं. पाचवी ओळ तर कागदाच्या कडेपर्यंत उतरली होती. तिथे लिहिलं होतं:

"उजवा हात. एप्रिलपासून. दोनदा दहा-दहा मिनिटं बोलता आलं नाही. दौलत डॉक्टरांना दाखवणे. ह्यांना सांगू नये, लहानपणापासूनची हौस आहे."

आणि त्याखाली वेगळ्या पेनाने, पुढच्या वर्षी.

मी थांबलो असणार, कारण दियाने मान वर केली. "बाबा? फाइव्ह?"

वासंती माझ्याकडे बघत होती. आता सांगायचं होतं. पाचवी ओळ वाचली की सही, चहाचा कप, पासपोर्ट, चाळीस मिनिटं, सगळं आपोआप मागून आलं असतं. मी तोंड उघडलं.

"पाच," मी म्हटलं, "उजव्या हातातली पाटली. सोनाराला दाखवणे."

दियाने टाइप केलं. मग आईपुढे गुडघ्यावर बसून तिने तो लाकडासारखा हात उचलला आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "आई, ही पाटली? धिस वन?"

वासंतीने दियाकडे बघितलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती, खूप वेळ.

"हो," ती म्हणाली.

त्याला अर्थ असेलच असं नाही. दियाने तिला जवळ घेतलं, पाटली काढली. हात इतका वाळलाय की साबणही लागला नाही. पाटली रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली.

ती पाटली चांगली आहे. टाके नीट आहेत, कुठे चेमटलेली नाही. दिया ती सोनाराच्या पुढ्यात ठेवील, तो भिंग लावून उलटसुलट बघेल आणि विचारेल, हिला काय झालंय? मग दिया दुकानातून मला फोन करील.